गाळातलं टपाल

१

आडात उतरलेल्या गड्यानं खालून हाळी दिली, "वढा."

वरच्या बायांनी दोर ओढला. टोपल्यात गाळ येईल, गाळाला थोडी तरी ओल असेल, म्हणून सगळ्यांनी माना पुढं केल्या होत्या. वर आली ती सुतळीनं आवळलेली कागदांची जुडी. सुतळीच्या टोकाला दगड होता.

"मधल्या कपारीत अडकली व्हती," गडी खालून म्हणाला.

नागुबाईनं पदरानं धूळ पुसली. आत पाकिटं होती, निळ्या शाईत पत्ते लिहिलेली. म्हातारीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण नातवाचा हात तिनं ओळखला. ओळ चढणीला लागल्यासारखी वर जायची त्याची. पत्ता एकच होता: माननीय जिल्हाधिकारी साहेब, लातूर. उजव्या कोपऱ्यात जिथं तिकीट असावं, तिथं नुसता डाग उरलेला.

रेणापूरच्या पुढचं खैरदरा हे गाव, आणि गावाच्या उताराला हा बौद्धवाडा; आड त्याचाच. लातूर जिल्हा झाला त्याला वर्षही झालं नव्हतं. पावसानं तोंड फिरवलं होतं. नव्या जिल्ह्याचा नवा साहेब, त्याला सांगितल्याबिगर कसं कळावं? म्हणून फाल्गुनात वाड्यातल्या स्काउट-गाईडच्या पोरांनी त्याला पत्रं लिहिली होती, की आमच्या वस्तीला टँकर पाठवा. लातूरचे जुने स्काउट ईश्वरप्पा यांनी त्या पत्रांसाठी खास तिकिटं दिली होती, स्काउट चळवळीच्या पंच्याहत्तरीची. पोरांनी ती जिभेनं ओली करून लावली. तेवढी ओल तेव्हा होती.

पत्रं पोस्टात टाकली गाईडच्या पंचशीलाबाईंनी. टँकर आला नाही. वाडा नदीच्या पात्रात झिरे उकरून गढूळ पाणी पीत राहिला, आणि पोरं हगवणीनं एकामागून एक आडवी पडली.

पंचशीला याच वाड्यातली लेक. ती धावत आडाजवळ आली तेव्हा बायांनी वाट दिली. पण नेहमीसारखी नव्हे, अंग चोरून.

नागुबाई म्हणाली, "पंचे, तू तर टाकली म्हनली व्हतीस."

सांजेला शाळेचे हेडमास्तर ज्ञानोबा गुरुजी पारावर सगळ्यांदेखत बोलले, "तिकिटं भारी होती. बाईंनीच दाबली पत्रं." रविवारी लातूरला नव्या जिल्ह्याचा पहिला स्काउट मेळावा होता. तिथंच शाळेची समिती बसून पंचशीलाबाईंना काढणार, असं ठरलंसुद्धा. हंगामी बाई ती; चोर म्हणून निघाली तर पुन्हा कुठली शाळा तिला दारात उभी करणार?

२

चौकशीला आलेले टपाल खात्याचे इन्स्पेक्टर अमृतराव माहूरकडचे. त्यांची आई पहाटे जात्यावर बसली की दळण कमी आणि गाणं जास्त निघायचं. त्या गाण्यावर वाढलेल्या माणसानं नोकरीत मात्र माणसांचं पीठच जास्त पाहिलं होतं. लोक पत्रं फोडतात, लपवतात, भिजवतात. त्याची किळस यायची त्यांना, आणि अजून येते याचं बरंही वाटायचं.

ते आडाजवळ बसून पाकिटं न्याहाळत होते. पलीकडं नागुबाई रिकामा हंडा मांडीशी घेऊन स्वतःशीच म्हणत होती:

"कोरड्या आडाला गं
दोर किती सोडू
उत्तर येईना वरून
कुनासंगं भांडू."

अमृतरावांनी पाकीट उन्हात धरलं. कोपऱ्यातल्या डागाच्या कडेला काळ्या शिक्क्याची अर्धी कोर होती. उरलेली कोर तिकिटाबरोबर गेलेली. पत्त्याची शाई जराही फुटली नव्हती, म्हणजे पाकीट पाण्यात बुडवलेलं नव्हतं. पण उरलेल्या डिंकात वाळूचे कण बसले होते, आणि कशाची तरी जाडीभरडी वीण उमटली होती.

ते सरळ शाळेत गेले. ज्ञानोबा गुरुजी खाकी पोशाखात होते. गळ्यात स्कार्फ, आणि शर्टाला अशी कांजी की वाकले तर मोडतील. अमृतरावांच्या मनात आलं, वाड्यात पेजेला पाणी नाही आणि इथं कांजीला आहे.

"पत्रांवर शिक्का आहे, गुरुजी. म्हणजे बाईंनी पत्रं टाकली होती."

"टाकली असतील, आणि परत मागून घेतली असतील. मलप्पा साधा माणूस. बसा. पाणी घ्या." गुरुजी उठले आणि जाता जाता म्हणाले, "आपलं आडनाव नाही कळलं."

"टपाल खातं," अमृतराव म्हणाले.

गुरुजी हसले. दाराआड तिवईवर माठ होता. त्याच्या अंगावरून थेंब निथळत होते. खाली वाळूची परात, वाळूवर ओलं गोणपाट. गुरुजींनी ओगराळं बुडवलं आणि कौतुकानं सांगितलं, "शाळेच्या अध्यक्षांच्या विहिरीचं आहे. या माठाला माझ्याबिगर कुणी शिवत नाही. शिपाईसुद्धा नाही. पोरांना मीच वरून वाढतो. कुणाकुणाची पोरं असतात, तुम्हाला काय सांगायचं."

"आणि पंचशीलाबाई?"

"त्या घरून आणतात बाटली. समजूतदार आहेत त्या बाबतीत."

अमृतरावांच्या हातात पेला होता. वैशाखाच्या उन्हातून आलेला माणूस तो, पण त्यानं पेला तसाच खाली ठेवला.

"का हो, प्याला नाहीत?"

"घशाखाली जात नाही," अमृतराव म्हणाले. ते खरंच होतं.

३

खैरदऱ्याचं पोस्ट म्हणजे मलप्पाच्या किराणा दुकानातलं एक कपाट. मलप्पा कपाळाला भस्माचे पट्टे ओढून बसलेला. पोस्टाचं नाव काढताच त्या पट्ट्यांवरून घाम ओघळला.

"शिक्का म्याच मारला, सायेब. बाई सोता आल्त्या पत्रं घिऊन. परत न्हाई मागितली कुनी."

"मग थैली कुठं गेली?"

मलप्पा तागडीतली वजनं उगाच इकडची तिकडं करू लागला.

"मलप्पा, मी विचारून राहिलो."

"दुकान सोडता येत न्हाई हो मला. यस्टी शाळेम्होरं थांबती. म्हून थैली शाळेच्या हापिसात ठिवून येतो. तिथनं कंडाक्टर नेतो. सम्दे दिस आसंच चालतंय. तेवढी चुकी हाय माजी."

"तेवढी नाही. खूप मोठी आहे." अमृतरावांनी जुडीची सुतळी पुढं केली. "ही गाठ कुणाची?"

मलप्पानं ती दिव्यासारखी जपून हातात घेतली. "माजी न्हाई. मी पोत्याला सरकगाठ मारतो, हिसडा दिला की मोकळी. दुसरी येतच न्हाई मला. माजी बायकू म्हनती, लगनात बी मी सरकगाठच मारली आसंल. ही चपटी गाठ शाळेतली. पट्टी बांधाया शिकवतेत ती."

स्काउटांची डॉक्टरी गाठ. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. एकदा बोटांना लागली की झोपेतही तीच पडते. मलप्पा त्यातून सुटला.

उठताना अमृतरावांची नजर दुकानाच्या कोपऱ्यात गेली. पितळी हंडा, त्याला झाकण, झाकणाला कुलूप.

"माठ नाही का रे तुमच्यात?"

मलप्पानं त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसं पाहिलं. "माठ पाझरतो, सायेब. औंदा कोन पानी घामावर घालवंल? सम्द्या गावानं माठ पालथं घातल्यात."

अमृतराव दारातच थांबले. खिशातलं पाकीट चाचपून पाहिलं.

४

पंचशीला झिऱ्यावर होती. वाटी वाटी करून घागर भरत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकही बाई बसलेली नव्हती. एवढ्या गर्दीत ती एकटी होती.

"सर, माझं एवढंच म्हणणं आहे," ती मान वर न करता म्हणाली, "शाळा गेली तर जाईल. पण वाड्यानं माझ्याकडं चोर म्हणून बोट दाखवायला नको. बाबांनी मला शिकवताना अख्ख्या वाड्याला सांगितलं होतं, ही तुमचीबी लेक हाय म्हणून."

"तिकिटांवर तुमचा जीव होता?"

"होता की. फार देखणी होती. एक पोरगं म्हणालं, बाई, एवढं चांगलं तिकीट लावलं तर साहेब पत्र फेकून देणार न्हाईत. मी हसले होते."

अमृतरावांनी तिला सुतळीचा तुकडा दिला. "जरा गाठ मारा बरं."

का, असं तिनं विचारलं नाही. ओल्या बोटांनी तिनं गाठ मारली आणि सुतळी परत दिली.

उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. अगदी जुडीवरची गाठ.

"बरोबर आहे ना, सर?" तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर तपासाची छाया नव्हती, नुसती शिक्षिकेची काळजी होती.

अमृतरावांनी सुतळी खिशात कोंबली. गुरुजींना हे कळलं, तर आणखी काही शोधायची समितीला गरजच उरणार नव्हती.

५

आणखी एक माणूस उरला होता. ज्याला तिकिटांचं वेड, ज्याला गाठ येते, आणि जो पत्रं टाकली त्याच दिवशी थैलीबरोबर त्याच यस्टीनं लातूरला परतला होता.

ईश्वरप्पांचं लातूरच्या बाजारात सुताचं दुकान. गळ्यातली शिवलिंगाची चांदीची डबी सदऱ्यावरून चाचपत म्हातारा म्हणाला, "माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? घ्या. चहा पिऊन घ्या. शिवगंगा, साखर कमी टाक, इन्स्पेक्टरसाहेब कडू बोलणार आहेत."

आतून सुनेचं हसू ऐकू आलं.

अमृतरावांनी पाकिटं पुढं ठेवली. म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं मोकळ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, जखमेवरून फिरवावा तसा. मग त्यानं कपाटातून आपला संग्रह काढला. देशोदेशीची स्काउटांची तिकिटं होती त्यात, पण सुटं एकही नाही. सगळी आपापल्या पाकिटांवर, जशी आली तशी.

"हे पाहा. तिकीट पाकिटावरून उपटलं की त्याचं गाव जातं. कुणी कुणाला लिहिलं तेही जातं. मग हातात काय उरतं? रंगीत कागद. आमच्यातलं पोरगंही असं करणार नाही. या पाकिटांसाठी मी पाया पडलो असतो हो पोरांच्या. त्यांची तिकिटं घेऊन मी काय करू?"

अमृतरावांना ते पटलं. संग्रह करणारा पाकीट टाकत नाही. तिकीट हवं होतं ते तिकिटांतलं काही न कळणाऱ्या माणसाला.

"मग नुसत्या तिकिटाचा उपयोग कुणाला?"

म्हाताऱ्यानं संग्रह मिटला. "मेळाव्यात आम्ही प्रदर्शन ठेवलंय. शाळांनी पानं लावायची. एका पानाचा विषय आहे 'आपल्या गावचा शिक्का'. स्काउटचं तिकीट, त्यावर आपल्या गावाच्या पोस्टाचा शिक्का. बक्षीस आहे. पहिला आलेल्या शाळेच्या शिक्षकाला जिल्ह्याचा संघटक करायचं घाटतंय, असं म्हणतात."

"खैरदऱ्याचं पान येणार आहे?"

"येणार असं शाळेनं कळवलंय." ईश्वरप्पांनी चष्मा काढला. "मी तर पत्रांपुरतीच तिकिटं दिली होती. एक जास्त नाही."

६

रविवारी लातूरच्या त्या सभागृहात खाकी आणि निळ्या पोशाखांची पोरं रांगेनं उभी होती. मंचावर जिल्ह्याचे एक अधिकारी पाहुणे म्हणून बसले होते, शेजारी शाळेचे अध्यक्ष. वाड्यातली माणसंही आली होती. आपली लेक चोर ठरते का ते डोळ्यांनी पाहायला. नागुबाई पुढंच बसली होती. पंचशीला भिंतीशी उभी.

खैरदऱ्याचं पान मधोमध टांगलेलं होतं. निळ्या कागदावर ओळीनं तिकिटं, प्रत्येकावर गावाचा शिक्का. खाली सुबक अक्षरांत लिहिलेलं: संकलन, ज्ञानोबा गुरुजी.

"मलप्पाकडून शिक्के मारून घेतले," गुरुजी पाहुण्यांना सांगत होते. "तिकिटं मी पदरची आणली."

अमृतराव पुढं आले. "गुरुजी, पत्रं कुणी दाबली ते या पानासमोरच सांगतो. तुम्हीच साक्षीदार आहात."

"मी?"

"जुडीला डॉक्टरी गाठ होती. मलप्पाला ती येत नाही, तो सुटला. पोरं सोडली तर गाठ येणारे तिघं: ईश्वरप्पा, पंचशीलाबाई आणि तुम्ही. तिकिटं उपटून पाकिटं फेकली, म्हणजे ते काम ईश्वरप्पांचं नाही. पाकीटच त्यांचा जीव. उरलात दोघं."

"मग बाईच," गुरुजी झटकन म्हणाले.

"बाईंना गाठ येते, माझ्यासमोर मारली त्यांनी. पण तिकीट सुटायला ओल लागते. पत्ते फुटले नाहीत, तेव्हा पाकिटं बुडवलेली नाहीत. डिंकात वाळू आहे, गोणपाटाची वीण आहे. म्हणजे पाझरत्या माठाखालच्या ओल्या गोणपाटावर ती पालथी ठेवली. शिक्क्याची शाई पसरू नये म्हणून. अख्ख्या खैरदऱ्यात पाझरणारा माठ एकच आहे." ते थांबले. "आणि त्या माठाला तुमच्याशिवाय कुणी शिवत नाही, बाई तर नाहीच नाही. हे मला तुम्हीच सांगितलंत, गुरुजी. कौतुकानं."

सभागृहात कुजबुज उठली. गुरुजींचा हात स्कार्फवर गेला.

"माठाचं काय घेऊन बसलात. पुरावा काय?"

अमृतरावांनी पिशवीतून पाकीट काढलं, नागुबाईच्या नातवाचं, चढणीच्या अक्षराचं. ते तिकिटांच्या ओळीखालून सरकवत नेलं. एका तिकिटापाशी त्यांचा हात थांबला. पाकिटावरची अर्धी कोर आणि तिकिटावरची अर्धी कोर एकमेकींना भिडल्या. पुरता गोल झाला. गोलात नाव वाचता येत होतं: खैरदरा.

ईश्वरप्पांनी तोंड फिरवलं.

"जाळली का नाही, गुरुजी?" अमृतरावांनी हळू विचारलं. "आगपेटीची एक काडी पुरली असती."

गुरुजी नकळत बोलून गेले, "अक्षर जाळू नये. सरस्वती असते त्यात. पाण्यात सोडावं, नाहीतर आडात…"

"गावाच्या विहिरीत का नाही सोडलीत?"

"ती प्यायची विहीर आहे," गुरुजी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं.

आजवर पाहिलेले चोर अमृतरावांना आठवले. पोटासाठी चोरणारे, व्यसनापायी चोरणारे. या माणसानं अक्षराला पूज्य मानलं होतं. अक्षर लिहिणाऱ्या पोरांना मात्र नाही.

"पत्रं काय हो," गुरुजी पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "पुन्हा लिहिता येतात. सगळ्यांत एकच मजकूर होता, पाणी, पाणी. शाळेचं नाव होणार होतं."

अध्यक्ष घाईनं उठले. "झालं ते गैरसमजातून झालं. आजचा दिवस चांगला आहे. गुरुजी, बाई, मिटवून टाका. बाई, तुम्हाला आजच कायम करतो. एवढ्या कागदावर सही करा, की तक्रार नाही."

गुरुजींनीही सावरून घेतलं. ते पंचशीलासमोर गेले आणि त्यांनी डावा हात पुढं केला. स्काउट एकमेकांशी डाव्या हातानं हस्तांदोलन करतात, हृदयाकडच्या हातानं, असं पोरांना तेच शिकवत. सगळं सभागृह त्या हाताकडं पाहत होतं.

पंचशीलानं आपले हात मागं घेतले.

"गुरुजी, पोरं माझ्यासमोर उलट्या करत होती तेव्हा तुमच्या खोलीत तिकिटं वाळत होती." तिचा आवाज चढला नाही. "आणि अध्यक्षसाहेब, माझी नोकरी म्हणजे तिकीट न्हाई, ह्यांच्या पापावर चिकटवून पुढं धाडायला. कायम करायचं तर सहीबिगर करा. न्हाईतर राहू द्या."

अध्यक्षांचा कागद हातातच राहिला. अमृतरावांनी पाकिटांची चळत पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवली. "साहेब, यांचा टपालाचा आकार भरलेला आहे. शिक्का त्याची साक्ष आहे. खात्याच्या वतीनं उशिराबद्दल माफी मागतो. टपाल ज्याचं आहे त्याला पोचवा."

पाहुण्यांनी एक पाकीट उघडलं आणि वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचता वाचता त्यांनी शेजारच्या माणसाला हाक मारून टँकरचं विचारलं, आणि अध्यक्षांकडं न बघताच म्हणाले, "बाई शाळेत राहतील. या गुरुजींचं मी उद्या पाहतो."

गर्दी हलली. गुरुजी कांजी केलेल्या शर्टात ताठ उभे होते; बसायला त्यांना कुणी जागा केली नाही. नागुबाई उठली. काठी टेकत पंचशीलाजवळ गेली, तिचं मनगट धरलं, आणि तिला घेऊन गुरुजींच्या समोर येऊन थांबली.  म्हातारी आता काय करणार ते पोरांनाही कळलं होतं. तिनं जबडा हलवला. सुकलेले ओठ आत ओढले, पुन्हा सोडले. बराच वेळ तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली.

"थुकावं म्हनलं तुज्यावर," ती शेवटी म्हणाली. "पर तोंडात वल न्हाई रं."